हिरवळ, दंड आणि पाण्याची वाटणी

(एका अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



२०१४ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एक मौजेची घटना घडली. लॉस एंजेलिसच्या पूर्वेस ग्लेंडोरा नावाचे एक लहानसे शहर आहे. तेथील एका दांपत्याने राज्यात दुष्काळ आहे हे ध्यानात घेऊन घरापुढील हिरवळीचे पाणी कमी केले. गवत पिवळे पडले. काही दिवसांतच नगरपालिकेचे पत्र हजर झाले : हिरवळ पूर्ववत करा, अन्यथा ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकेल. नेमक्या त्याच सुमारास राज्याच्या जलसंसाधन नियंत्रण मंडळाने आणीबाणीचे नियम मंजूर केले. हिरवळीला इतके पाणी घालायचे की ते पदपथावर आणि रस्त्यावर वाहत यावे, असे जो करील त्याला दिवसाला ५०० डॉलरपर्यंत दंड व्हावा, अशी त्यांत तरतूद होती. पाणी घालावे तर राज्याचा दंड आणि न घालावे तर गावाचा दंड! वर्तमानपत्रांना हसायला एक विषय मिळाला.

परंतु या विनोदाच्या मुळाशी काय आहे ते पाहिले पाहिजे. ग्लेंडोराच्या पालिकेला गवताची काळजी नव्हती. तिला काळजी होती ती शेजारच्या घरांच्या बाजारभावाची. ओसाड अंगण म्हणजे पडती वस्ती, आणि पडती वस्ती म्हणजे घटलेली मालमत्ता. पाणी हा सार्वजनिक साठा आणि हिरवळ ही खाजगी मालमत्तेची शोभा, या दोहोंतील झगडा त्या एका पत्रात उघडा पडला होता. पालिकांनी हिरवळीच्या पाण्यावर घातलेल्या निर्बंधांचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. आठवड्यातून दोन दिवस की तीन, सकाळी की संध्याकाळी, एवढाच तो दिसतो. पण दुर्मीळ वस्तूची वाटणी समाज कोणत्या न्यायाने करतो, हे या क्षुल्लक दिसणाऱ्या नियमांत जितके स्वच्छ दिसते तितके मोठमोठ्या जाहीरनाम्यांत दिसत नाही.

हिरवळीचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. इंग्लंडमधील उमरावांच्या वाड्यांभोवती आखूड कापलेल्या गवताची मैदाने राखण्याची चाल पडली, तीत मालकाची ऐपत जाहीर होत असे. एवढी जमीन आहे, पण ती नांगरावी लागत नाही. गवत आहे, पण त्यावर पोट भरणारे कोणी नाही. उलट ते कापण्यासाठी विळे-कोयते घेतलेली माणसे पदरी बाळगता येतात! इंग्लंडात निदान आभाळ बारमाही पाणी घालते. अमेरिकेने हा षौक उचलला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो मध्यमवर्गाच्या दारात आणून सोडला. न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउन या प्रचंड वसाहतीत हिरवळ वेळच्या वेळी कापणे हे रहिवाशांवर करारानेच बंधनकारक होते. त्याच वसाहतीच्या सुरुवातीच्या करारांत काळ्या माणसांना तेथे राहू देऊ नये असेही कलम होते. हिरवळ नीट राखा आणि वस्ती गोरी राखा, ही दोन्ही बंधने मालमत्तेचा भाव टिकवण्यासाठीच घातलेली होती.

हेच गवत पुढे लॉस एंजेलिसमध्ये पोचले. तेथे वर्षाकाठी सरासरी जेमतेम १५ इंच पाऊस पडतो, सोलापूरच्या सुमारे निम्मा. आणि तोही बहुतेक हिवाळ्यात. उन्हाळा सगळा कोरडा. म्हणजे गवताला ज्या महिन्यांत पाणी हवे त्या महिन्यांत आभाळातून थेंब नाही. मग शेकडो मैलांवरून, सिएरा नेव्हाडाच्या बर्फातून आणि कोलोरॅडो नदीतून, डोंगर ओलांडून कालव्यांनी पाणी आणायचे, ते पिण्यायोग्य होईपर्यंत शुद्ध करायचे आणि तुषारसंचांतून गवतावर उडवायचे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात उपग्रहाच्या छायाचित्रांवरून हिशेब मांडला गेला. अमेरिकेतील अंगणे, उद्याने, गोल्फची मैदाने मिळून राखीव गवताखाली सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर जमीन असावी, असा त्याचा निष्कर्ष होता. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक भरते. तेथील ओलिताखालच्या मक्याच्या सुमारे तिप्पट ते होते. जे कोणी खात नाही, ज्यावर कोणते जनावर चरत नाही, ते त्या देशाचे सर्वांत मोठे ओलिताचे पीक!

आता दुष्काळाकडे वळू. १७ जानेवारी २०१४ रोजी गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी दुष्काळी आणीबाणी जाहीर केली आणि जनतेने स्वखुशीने २० टक्के पाणी वाचवावे असे आवाहन केले. बचत त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचली नाही. १ एप्रिल २०१५ रोजी तेच गव्हर्नर सिएरा नेव्हाडातील फिलिप्स स्टेशन या बर्फमोजणीच्या जागी जाऊन उभे राहिले. एरवी त्या दिवशी तेथे पाचएक फूट बर्फ असते. त्या दिवशी त्यांच्या पायांखाली सुके गवत होते. राज्यभरचा बर्फसाठा सरासरीच्या पाच टक्के उरला होता. त्याच जागेवरून त्यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपात सक्तीची केली. रस्त्यांच्या मधल्या दुभाजकांवरच्या शोभेच्या गवताला पिण्याचे पाणी घालण्यास बंदी झाली. पाऊस पडल्यावर ४८ तासांच्या आत बागेला पाणी देणे, रबरी नळीने अंगण धुणे, चालूबंद तोटी नसलेल्या नळीने मोटार धुणे हे सारे आधीच निषिद्ध ठरले होते.

टीकाकारांनी विचारले : घरातले पाणी सोडून घराबाहेरच्याच पाण्यामागे हे का लागले? याचे उत्तर विचारसरणीत शोधण्याचे कारण नाही, ते नळकामातच आहे. कॅलिफोर्नियात घरगुती पाण्यापैकी सुमारे निम्मे घराबाहेर खर्च होते. शिवाय न्हाणीतले, स्वयंपाकघरातले पाणी सांडपाण्याच्या नळातून शुद्धीकरण केंद्रात जाते आणि तेथून ते परत वापरता येते. गवतावर उडवलेले पाणी वाफ होऊन जाते. ते कोणाच्याच हाती पुन्हा लागत नाही. शेजारच्या नेव्हाडा राज्यातील लास व्हेगास शहराने हा हिशेब सर्वांच्या आधी ओळखला. कोलोरॅडो नदीतून नेव्हाडाच्या वाट्याला वर्षाला अवघे तीन लाख एकर-फूट पाणी येते. मात्र घरातून निघालेले सांडपाणी शुद्ध करून मीड सरोवरात परत सोडले की तेवढेच पाणी पुन्हा उचलण्याचा हक्क मिळतो. म्हणून त्या शहरात माणसाने हवी तितकी आंघोळ केली तरी साठ्याला फारशी झळ लागत नाही, पण गवताची आंघोळ मात्र परवडत नाही. २००३ पासून तेथे नव्या घरांपुढे हिरवळ लावण्यास बंदी आली, आणि २०२१ च्या कायद्याने व्यापारी व सार्वजनिक जागांवरील निव्वळ शोभेच्या गवताला कोलोरॅडोचे पाणी देणे २०२६ अखेर थांबवण्याचे ठरले. ज्या शहराची ख्याती जुगारासाठी आहे त्याने पाण्याच्या बाबतीत जुगार खेळण्याचे नाकारले, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

तेव्हा निर्बंध योग्यच होते. प्रश्न उरतो तो त्यांच्या वाटणीचा. आणि येथे कॅलिफोर्नियाच्या मंडळाचेही एका गोष्टीसाठी कौतुक करावे लागेल. त्याने २५ टक्के कपात सर्वांवर सरसकट लादली नाही. मे २०१५ मध्ये जे टप्पे ठरले त्यांत ज्या पाणीपुरवठा संस्थेच्या हद्दीत माणशी घरगुती वापर दिवसाला ६५ गॅलनच्या, म्हणजे सुमारे २४५ लिटरच्या, आत होता तिला ८ टक्के कपात. आणि जेथे तो २१५ गॅलनच्या, म्हणजे सुमारे ८१५ लिटरच्या, वर होता तेथे ३६ टक्के. दाटीवाटीच्या कामगारवस्त्यांत हिरवळ नसतेच, तेथे पाणी कापायचे म्हणजे पिण्याचे आणि धुण्याचे कापायचे. हे ज्यांच्या ध्यानात आले त्यांनी समतेचा अर्थ बरोबर लावला. सर्वांना सारखी कात्री लावणे म्हणजे समता, असा समज सरकारी कचेऱ्यांतून फार प्रचलित असतो. आधीच काटकसर करणाऱ्याला तो हमखास शिक्षा करतो. जून २०१५ मध्ये राज्यभर २७ टक्के बचत झाली, आणि पुढच्या वसंतापर्यंतची सरासरी उद्दिष्टाच्या अगदी जवळ राहिली. आवाहनाने वर्षभरात जे साधले नाही ते नियमाने महिन्यात साधले. माणसे मुळात बेजबाबदार असतात असा याचा अर्थ नव्हे. आपण वाचवलेले पाणी शेजारी गवतावर उडवणार नाही, याची खात्री असेल तरच माणूस वाचवतो. ती खात्री नियमाने दिली.

सगळ्यांनाच ती मिळाली काय? लॉस एंजेलिसच्या बेल एअर या धनिक वस्तीत एका घराने एप्रिल २०१५ पर्यंतच्या एका वर्षात १ कोटी १८ लाख गॅलन, म्हणजे सुमारे साडेचार कोटी लिटर पाणी वापरल्याचे शोधपत्रकारांनी उघड केले. दिवसाला सव्वा लाख लिटर झाले! एवढ्यात ९० कुटुंबांचे वर्ष निघाले असते. या ग्राहकाचे नाव देण्यास पाणीखात्याने नकार दिला. ज्या नगरीत फाटक्या नळीने मोटार धुणाऱ्याला नोटीस मिळू शकत होती, तेथे या गृहस्थाची प्रतिष्ठा गोपनीयतेच्या पडद्यात सुरक्षित राहिली. ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्य मंडळाने बेव्हर्ली हिल्ससह चार पुरवठा संस्थांना, उद्दिष्ट गाठले नाही म्हणून, प्रत्येकी ६१ हजार डॉलर दंड केला. बेव्हर्ली हिल्सच्या एकेका वाड्याची किंमत ठाऊक असणाऱ्यास हा आकडा ऐकून हसू येईल. दंड ठराविक रकमेचा असला की गरिबासाठी तो शिक्षा ठरतो आणि श्रीमंतासाठी ते निव्वळ एक शुल्क होते. ५०० डॉलर भरले की हिरवे गवत मिळते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

मग वाढत्या वापराला वाढती पाणीपट्टी का लावू नये? अनेक शहरांनी तशी ती लावली होती. सॅन हुआन कॅपिस्ट्रानो या गावी सर्वांत वरच्या टप्प्याचा दर खालच्या टप्प्याच्या साडेतीन पटींहून अधिक होता. तेथील करदात्यांची संघटना न्यायालयात गेली, आणि २० एप्रिल २०१५ रोजी, गव्हर्नरांच्या हुकुमानंतर तीन आठवड्यांच्या आत, अपील न्यायालयाने ते दर बेकायदा ठरवले. १९९६ साली मतदारांनी मंजूर केलेल्या घटनादुरुस्तीनुसार सेवेच्या प्रत्यक्ष खर्चाहून अधिक दर आकारता येत नाही, आणि वरच्या टप्प्याला तेवढा खर्च येतो हे शहराने सिद्ध केलेले नाही, असा निर्वाळा मिळाला. उधळपट्टीला चाप लावायचा असेल तर आधी त्या चापाचा कारखानदारी खर्च दाखवा! पाणी ही बाजारातील वस्तू मानली की असा निकाल अपरिहार्य होतो. वस्तूची किंमत आणि तिच्या वाटपाचा न्याय या भिन्न गोष्टी आहेत, हे त्या चौकटीत बसतच नाही.

हिरवळ काढून टाकणाऱ्यांना बक्षीस देण्याचा दुसरा मार्ग दक्षिण कॅलिफोर्नियाच्या महानगर जलसंस्थेने काढला. एक चौरस फूट गवत उपटा, दोन डॉलर घ्या. कोट्यवधी चौरस फूट गवत गेले, हे खरेच. आणि शेजारच्या अंगणात निवडुंग व खडी पाहून गवताची अब्रू कमी झाली, हेही खरे. परंतु ३० कोटींहून अधिक डॉलरचा हा पैसा पाणी ग्राहकांच्याच खिशातून आला होता आणि २०१५ च्या जुलैपर्यंत तो संपलासुद्धा. तो कोणाला मिळाला? ज्याच्यापाशी जितके गवत त्याला तितका. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने पाणीपट्टीतून वर्गणी दिली आणि विस्तीर्ण अंगणवाल्याने इनाम घेतले. ती अंगणे ज्यांच्या हातांनी हिरवी राहिली होती, त्या बहुतांश मेक्सिकन आणि मध्य अमेरिकन माळ्यांच्या कमी झालेल्या कामाचा विचार या योजनेत मुळी नव्हताच.

ग्लेंडोरासारख्या प्रकारांचा बंदोबस्त मात्र कायद्याने झाला. वसाहतसंघांना आणि, जुलै २०१५ पासून, शहरांनाही दुष्काळी आणीबाणीत गवत वाळू दिल्याबद्दल दंड करण्यास मनाई झाली. वाळलेले अंगण तेवढ्यापुरते नागरिकत्वाचे चिन्ह झाले.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो, आणि तो केवळ धनिकांचाच नाही. कॅलिफोर्नियात माणसाच्या उपयोगात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के शेतीला जाते. मग शहरवासीयांच्या गवतावर पहारे बसवून काय साधते? हे नाटक नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. गव्हर्नरांच्या हुकुमात शेतीला कपात नव्हती. शेतीची बाजू अशी की केंद्रीय कालव्यांचे पाणी २०१४ आणि २०१५ या दोन्ही वर्षी अनेक शेतकरी संस्थांना शून्य मिळाले होते. तेही खरे. पण कालव्यातून न मिळालेले पाणी जमिनीतून उपसण्यात आले, आणि त्यावर २०१४ पर्यंत राज्याचे व्यापक नियंत्रण नव्हते. त्या वर्षी झालेल्या कायद्यानेही समतोल साधण्यासाठी २०४० च्या आसपासची मुदत दिली. ज्याची कूपनलिका खोल आणि पंप मोठा त्याचे पाणी. बदामाच्या बागा वाढत राहिल्या. जगातील सुमारे ८० टक्के बदाम या एका राज्यातून येतात. सॅन ह्वाकीन खोऱ्यात काही ठिकाणी जमीन महिन्याला दोन इंचांच्या गतीने खचत असल्याचे २०१५ साली उपग्रहांनी टिपले.

आणि त्या खोऱ्यात ईस्ट पोर्टरव्हिल नावाचे सुमारे सात हजार वस्तीचे गाव आहे. राहणारे मुख्यतः शेतमजूर, बहुतेक स्पॅनिशभाषक. २०१४ पासून त्यांच्या उथळ घरगुती विहिरी एकामागून एक आटल्या. जगातील सर्वांत श्रीमंत देशात, फळबागांच्या मधोमध, शेकडो घरांच्या नळांना पाणी नव्हते. दारात टाकी, टाकीत टँकरचे पाणी, पिण्यासाठी वाटलेल्या बाटल्या, न्हाणीसाठी गिरिजाघराच्या आवारात उभारलेली तात्पुरती सोय. शेजारच्या पोर्टरव्हिल शहराचे नळ जवळच होते, पण गाव शहराच्या हद्दीबाहेर! त्या नळांना ही घरे जोडण्यास सुरुवात झाली ती ऑगस्ट २०१६ मध्ये. २०१५ च्या दुष्काळात शेतीतील व तिच्यावर अवलंबून असलेले सुमारे २१ हजार रोजगार बुडाल्याचा विद्यापीठीय अंदाज आहे. पाणी गेले तेव्हा रोजीही गेली, ती याच लोकांची.

म्हणून हिरवळीच्या नियमांना नाटक म्हणून झटकून टाकता येत नाही, आणि त्यांनीच दुष्काळ सुटला असेही मानता येत नाही. शहरी अंगणावर पहारा असावा आणि पंपावर नसावा, ही त्यातील खरी विसंगती होय. तिचे उत्तर अंगणावरचा पहारा उठवण्यात नाही.

महाराष्ट्राला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातूरला पोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. खेळपट्ट्या आणि मैदाने यांना लागणारे सुमारे ६० लाख लिटर पाणी हा त्या याचिकेचा विषय होता. म्हणजे मिरजेच्या तसल्या बारा गाड्या. तेव्हाही क्रिकेटप्रेमींनी आणि धंदेवाल्यांनी हाच प्रश्न केला : एवढ्याशा पाण्याने दुष्काळ हटणार काय? हटणार नव्हताच. राज्याच्या पिकाखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी जागेत असलेला ऊस ओलिताचे सुमारे ७० टक्के पाणी पितो असे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच नोंदवले आहे. आणि त्या उन्हाळ्यात मैदानाच्या हिरवळीवर जितके बोलले गेले त्याच्या दशांशही साखर कारखान्यांच्या परवान्यांवर बोलले गेले नाही. परंतु घागर घेऊन रात्रभर टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला, दूरदर्शनच्या पडद्यावर ओलेचिंब मैदान पाहून जे वाटले असेल, ते लिटरांत मोजता येत नाही. न्यायालयाने तेवढी दखल घेतली.

दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनने १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली. नळ कोरडे पडण्याचा दिवस टळला. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्या शहराचे जे गणित मांडले ते विसरण्यासारखे नाही. लोकसंख्येच्या १४ टक्के असलेले वरचे थर शहराचे ५१ टक्के पाणी वापरत होते, आणि ६२ टक्के गरिबांच्या वाट्याला २७ टक्के येत होते. वरच्यांचे पाणी जात होते ते बहुतेक बागांना आणि पोहण्याच्या तलावांना. टंचाईत त्यांनी अंगणात कूपनलिका खोदल्या आणि गवत हिरवेच राहिले.

नियम खरोखर चावतो कसा, याचा एक नमुना लॉस एंजेलिसच्या पश्चिमेस २०२२ च्या उन्हाळ्यात पाहायला मिळाला. त्या वर्षीच्या १ जूनपासून सुमारे ६० लाख लोकांच्या भागात घराबाहेरच्या पाण्यावर कडक मर्यादा आल्या. काही ठिकाणी आठवड्यातून एकच दिवस. चित्रपटतारे आणि उद्योगपती जेथे राहतात त्या कॅलाबासास व हिडन हिल्स भागाला पाणी पुरवणाऱ्या लास व्हर्जेनेस जलसंस्थेला अनुभव आला की दंड भरला जातो आणि फवारे चालूच राहतात. तेव्हा तिने वारंवार मर्यादा ओलांडणाऱ्यांच्या मीटरपाशी लहान भोकाची धातूची चकती बसवण्यास सुरुवात केली. चकती बसली की नळाला पाणी येते, आंघोळ होते, स्वयंपाक होतो; पण तुषारसंच उडत नाहीत. पैसे मोजून ती काढता येत नव्हती. वापर कमी करण्याचे लेखी मान्य करावे लागे. बातम्या आल्या, धनिकांचे प्रतिनिधी धावपळ करू लागले, आणि ज्या घरांना ५०० डॉलरचा आकडा कधी जाणवला नव्हता त्यांनी माळ्याला वेळापत्रक विचारले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने आणखी एक कायदा केला. सरकारी, व्यापारी आणि संस्थांच्या जागांतील निव्वळ शोभेच्या गवताला पिण्याचे पाणी देणे त्याने बंद करायचे ठरवले आहे : सरकारी जागांना १ जानेवारी २०२७ पासून, व्यापारी जागांना २०२८ पासून, वसाहतसंघांच्या सामाईक जागांना २०२९ पासून. क्रीडांगणे आणि दफनभूमी यांना सूट आहे. राहत्या घराचे खाजगी अंगण, ते कितीही एकरांचे असले तरी, या कायद्याच्या कक्षेत नाही.